डाव्या कडेचे आप्पा

आप्पांच्याबरोबर रस्त्यानं चालणं ही एक शिक्षा होती. माणसं कशी, गप्पा मारत एकमेकाला लागून चालतात. आप्पा रस्त्याच्या अगदी डाव्या कडेनं, गटाराच्या काठाकाठानं चालायचे आणि मी मधून, मागच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या खात. "आप्पा, जरा आत सरका की," म्हटलं तर म्हणायचे, "आत गर्दी असती रं." भर दुपारी बेळगावच्या शहापुरातनं आमच्या वडगावला येताना रस्त्यावर कुत्रं दिसत नसलं तरी ह्यांच्या लेखी आत गर्दी. बसमध्ये डावी खिडकी. लग्नात पंगतीचं डावं टोक. वाढपी उजवीकडनं सुरुवात करायचे, आप्पांपर्यंत येईस्तोवर जिलेबीचं ताट रिकामं व्हायचं, पण हा माणूस जागा बदलेल तर शपथ! तीन वर्षांमागं आप्पा गेले. तिरडीला खांदा देणारे आम्ही चौघं एकमेकाशी काहीसुद्धा बोललो नाही, तरी स्मशानापर्यंत डाव्या कडेनंच गेलो. मला मधेच हसू फुटलं आणि मग जे रडू आलं ते आवरेना.

आप्पा लेफ्ट आऊट होते. आताची पोरं टीव्ही बघून विंगर म्हणतात, म्हणू देत बापडी. आमच्या वडगावच्या तोंडात लेफ्ट आऊटच बसलंय. डाव्या रेषेला धरून पळायचं, समोरच्याला चुकवायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि बॉल मधे उचलून द्यायचा, एवढं त्यांचं काम. मधे मी. मी सेंटर फॉरवर्ड, उंच, आणि डोकं बऱ्यापैकी टणक. बॉल आला की डोकं लावायचं, एवढं माझं काम. नाव माझं व्हायचं, धाप आप्पांना लागायची. आप्पांच्या बायकोची, म्हणजे आक्काची, तर पक्की समजूत होती की आपला नवरा खेळात कच्चा आहे. "इतकी वर्षं पळत्यात, एक गोल म्हणून न्हाय. गोल सगळे ह्यो मारतोय," असं ती माझ्याकडं बोट करून पाहुण्यांना सांगायची. आप्पा मान डोलवायचे. मीही कधी तिला खोडून काढलं नाही, कशाला काढू?

आमचा संघ गल्लीचा. सगळे विणकर. बेळगावात बूट, मोजे, चकचकीत जर्सी घालून उतरणारे संघ होते, आणि आम्ही आमच्या मागावर विणलेल्या कापडाचे शर्ट घालून उतरायचो. साडीचं उरलेलं कापड, त्यामुळं शर्टाच्या खाली चांगला चार बोटांचा काठ. हिरव्या शर्टाला लाल काठ. आम्ही मैदानात आलो की कॅम्पातली पोरं ओरडायची, "लुगडी आली, लुगडी आली!" आम्हाला राग यायचा. आप्पांना मात्र नाही. ते काठ वर धरून त्या पोरांना दाखवायचे. "बघ रं, रंग जात न्हाय. तुझ्या आईला सांग, आमच्यातनं घे." एकदा खरोखरच एका पोराची आई सामना संपल्यावर साडी बघायला वडगावला आली. दोन साड्या घेऊन गेली.

आप्पांच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये चार माग होते. दोन ते चालवायचे, दोन मी, त्यांच्याकडं मजुरीवर. दारात चरखा घेऊन आक्का कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची नळी. ती संपली की धोटा नुसताच इकडून तिकडं धावतो आणि कापड पुढं सरकत नाही. चार माग सुरू झाले की शेडमध्ये असा खडखडाट व्हायचा की बोलायची सोयच नाही. म्हणून आम्ही हातानं बोलायचो. ह्या धंद्यातले सगळेच बोलतात, पण प्रत्येक शेडची भाषा निराळी. आमच्यात छातीवर मूठ आपटली की धागा तुटलाय, थांब. तळहात हवेत गरगर फिरवला की माग बंद कर, लाईट जाणार दिसतंय. आणि डोक्याच्या वर दोन बोटं उभी केली की कांड्या संपल्या, आण. दोन बोटं वर गेली रं गेली की आक्का टोपली उचलून उभीच.

हीच भाषा आम्ही मैदानावर नेली. मूठ छातीवर म्हणजे कुणीतरी मागं राहिलंय, थांबा. तळहात फिरवला म्हणजे दमानं घ्या. आणि आप्पांची दोन बोटं डोक्यावर गेली की बॉल लांबच्या खांबाला येणार. मी मग बॉलकडं बघतसुद्धा नव्हतो. बोटं दिसली की पाय आपोआप लांबच्या खांबाकडं, उडी, डोकं, गोल. समोरच्या संघाला वाटायचं हे लोक खेळता खेळता डास मारतायत.

जन्मभर मागापाशी उभं राहिल्यानं आप्पांना ऐकायला कमी यायचं, आणि त्यामुळं त्यांची कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. ते स्वतः मात्र समजायचे की आपण अगदी हळू बोलतोय. माझ्या लग्नाची बोलणी करायला आम्ही खानापूरकडं गेलतो. मुलगी पोहे ठेवून आत गेली. बाहेर सोप्यावर सगळी मंडळी गप्प. आप्पा माझ्या कानाशी वाकले आणि त्यांच्या मते कुजबुजले, "पोरगी झकास हाय रं. बाप तेवढा चिकट दिसतोय." घरातली भांडीसुद्धा वाजायची थांबली. मी मान खाली घातली. मुलीचे वडील आधी लाल झाले, मग म्हणाले, "व्हय ओ पाव्हणं, हाय थोडा चिकट. पण लग्न चांगलं करून देईन." आतनं हसण्याचा आवाज आला. ती हसणारी माझी बायको. आजसुद्धा भांडण झालं की ती म्हणते, आप्पा तसं बोलले नसते तर मी तुम्हाला होकार दिला नसता.

निपाणीच्या एका तंबाखूवाल्यानं आप्पांना न्यायचा एकदा घाट घातला होता. आम्ही तिकडं स्पर्धेला गेलो असताना त्यानं आप्पांना घरी बोलावलं, चहा दिला, शिरा दिला, आणि म्हणाला, आमच्याकडून खेळा, दारात नवी गाडी उभी करतो. आप्पांनी शिरा संपवला. मग विचारलं, "तुमचा आत्ताचा लेफ्ट आऊट कुठं जाईल?" तो म्हणाला, "त्याचं काय, त्याला बसवू बाहेर." आप्पा उठले. "तसं नगं. त्याला शिरा द्या, लई चांगला झालाय." झालं, बोलणी संपली. दुसऱ्या दिवशी त्याच लेफ्ट आऊटला आप्पांनी मैदानाच्या कडेला बोलावून बॉल उचलून द्यायची आपली पद्धत शिकवली. आमच्याच विरुद्ध सामना होता, कळलं ना? मी कपाळाला हात लावला.

आणि जांबोटीची म्हैस. ती तर सांगितलीच पाहिजे. तिकडं भात कापलेल्या शेतात सामना ठेवला होता. खेळ रंगात आला आणि एक म्हैस येऊन नेमकी डाव्या रेषेवर उभी राहिली. हुसकली, हलेना. मालक गावात नाही. पंच म्हणाला, तेवढं सोडून आतनं खेळा. सगळे तयार. आप्पा नाहीत. "रेषा माझी हाय." मग काय, बॉल आला की आप्पा म्हशीच्या पोटाखालून बॉल घालवायचे, स्वतः शेपटीकडनं वळसा घेऊन पुन्हा पकडायचे. जांबोटीचा बॅक बिचारा म्हशीला घाबरून लांब उभा. आप्पांनी त्या दिवशी माझ्या डोक्यावर इतके बॉल आणून टाकले की शेवटी डोकं दुखायला लागलं. परतीची बस चुकली, चालत निघालो, तर वाटेत आप्पा म्हणतात, "म्हशीचा खेळ चांगला होता." थट्टा नव्हती. त्यांना तसं वाटतच होतं.

तर असा हा माणूस आयुष्यभर एकाच संघाकडून खेळला. एका स्पर्धेचा अपवाद. त्या अपवादाचं सांगायचं म्हणून तर एवढं बोलतोय.

धंदा बसायला लागला होता. बाहेरच्या स्वस्त साड्यांनी बाजार भरला, आमच्या साड्यांना गिऱ्हाईक फिरकेना. गल्लीत भंगारवाले यायला लागले. दर आठवड्याला कुणाचा तरी माग तोडून टेम्पोत चढायचा. आप्पांच्या चारातले दोन गेले, म्हणजे माझेच दोन, आणि आम्ही उरलेले दोघांत वाटून चालवायला लागलो. त्या दिवसांत उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या मालकाला फुटबॉलचं वेड लागलं होतं. साहेब माणूस चांगला. त्यांनी आप्पांना निरोप धाडला. ह्या वेळच्या शहराच्या स्पर्धेत आमच्याकडून खेळा, कप आला तर कायमची नोकरी. स्टोअरमध्ये बसून काम. फंड, दवाखान्याचं कार्ड, दिवाळीला बोनस.

आप्पा नेहमीसारखे "नगं" म्हणणार होते. पण आक्का चरखा थांबवून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आक्का दिसायला बारीक, पण उभी राहिली की दार अडायचं. म्हणाली, "मी ह्या घरात आल्यापासनं तुमच्याकडं काय मागितलंय?" आप्पा विचारात पडले. खरंच काही आठवेना. "आता मागते. जावा."

आप्पा गेले. जायच्या आधी आम्हा सगळ्यांना मारुतीच्या देवळासमोर गोळा केलं आणि म्हणाले, "मी चाललोय. शिव्या घालायच्या तर आत्ता घाला, नंतर मला ऐकू येणार न्हायत." कुणी घातल्या नाहीत. मी घातल्या. चांगल्या तोंडभर घातल्या. मग विचारलं, "आप्पा, लेफ्टला कोण?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कडेकडेनं घरी गेले.

आमचा संघ त्या वर्षी कसा काय कोण जाणे फायनलला गेला. समोर फौंड्री. म्हणजे समोर आप्पा. निळी चकचकीत जर्सी, बिनकाठाची, पोटावर जरा घट्ट. आम्ही लेफ्टला एकाला उभं केलं होतं, पण तिथं आप्पांची जागा म्हणून त्याला लाज वाटायची, तो सारखा मधे यायचा आणि माझ्या पायात घोटाळायचा.

आक्का जन्मात पहिल्यांदा सामना बघायला आली होती. नोकरी ह्या सामन्यावर होती ना. माझ्या बायकोच्या शेजारी पायरीवर बसली, पदर खोचून, चरख्यावर बसावं तशी.

आप्पा प्रामाणिक माणूस. तिकडून खेळायचं ठरलं म्हणजे जीव तोडून खेळणार. पण तिकडं त्यांची भाषा कुणाला येते? सुरुवातीलाच त्यांनी छातीवर मूठ आपटली, की थांबा, मागं माणूस राहिलाय. फौंड्रीवाल्यांना वाटलं ह्यांच्या छातीत कळ आली. साहेबांचा माणूस पाण्याची बाटली आणि मलम घेऊन आत पळाला. दोघं त्यांना धरून खाली बसवायला लागले. आप्पा ओरडतायत, "मला काय झालं न्हाय रं!" पंचानं खेळ थांबवला. थोड्या वेळानं त्यांनी तळहात गरगर फिरवला, की दमानं घ्या. फौंड्रीचा कॅप्टन समजला, बदली मागतायत. बाहेर एक पोरगा उड्या मारून अंग गरम करायला लागला. मैदानभर हशा. आम्ही समोरच्या बाजूला, आम्हाला सगळं समजत होतं, आणि आम्हाला हसू येईना. आप्पा आपल्या रेषेवर एकटेच पळत होते, हात करत होते, आणि त्यांच्याकडं बघून हलणारं कुणी नव्हतं.

शेवटाला आलं तरी गोल नाही. फौंड्रीला कॉर्नर मिळाला, डावीकडचा. म्हणजे मारणार आप्पा. असल्या वेळी उंच म्हणून मी मागं येऊन लांबच्या खांबापाशी उभा राहतो, बॉल बाहेर घालवायला. उभा राहिलो. आप्पांनी बॉल ठेवला, दोन पावलं मागं गेले, आणि सवयीनं दोन बोटं डोक्यावर उभी केली.

पुढचं मी केलं असं मी म्हणत नाही, ते झालं. बोटं दिसली, पाय निघाले. उडी बसली, बॉल कपाळावर आला, आणि इतका सुंदर गोल मी जन्मात मारला नव्हता. जाळी फाटायची बाकी राहिली. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "आप्पाऽऽ!" कोपऱ्यातनं आप्पा पळत आले आणि आम्ही एकमेकांना कडकडून मिठी मारली. ते मला उचलायला बघत होते. "काय मारलास रं! काय मारलास!"

मग मला माझा गोलकीपर दिसला. तो हात जोडून माझ्याकडं बघत होता. पंच जवळ आला आणि शिट्टी तोंडातनं काढून मलाच कानडीत विचारलं, "यार गोल री इदु?" कुणाचा गोल म्हणून! लाऊडस्पीकरवाला आधी आमचं नाव म्हणाला, मग चुकलं म्हणाला, मग गाणं लावून मोकळा झाला.

आम्ही हरलो. कप फौंड्रीला गेला. साहेबांनी आप्पांच्या गळ्यात हार घातला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "सोमवारी या, नोकरीची ऑर्डर घेऊन जा." गल्लीतल्यांनी मला मारायचंच बाकी ठेवलं होतं, पण सगळ्यांनी ती बोटं बघितली होती, म्हणून कुणी हात उचलला नाही. घरी गेल्यावर बायकोनं मला एक गोष्ट सांगितली. म्हणाली, आप्पांनी बोटं वर केली तेव्हा आक्कासुद्धा ताडकन उठली आणि पायरीवर हातानं टोपली शोधायला लागली. टोपली नाही म्हटल्यावर तशीच खाली बसली.

सोमवारी मी कामावर गेलो तर आप्पा अंघोळ, दाढी करून दारात उभे. हातात पिशवी, पिशवीत धुऊन इस्त्री केलेली निळी जर्सी. तोंड असं की ऑपरेशनला निघालेत. शब्द दिला होता, मोडणार नव्हते. आक्का चरख्यावरनं उठली. त्यांच्या हातातनं पिशवी घेतली.

"तुमी मागावर बसा. मी येते जाऊन."

"तू? कुठं?"

"तिकडंच." मग मला म्हणाली, "गाडी काढ रं."

माझ्या जुन्या स्कूटरवर मागं बसून आक्का उद्यमबागेत आली. साहेबांनी मान देऊन बसवलं, चहा मागवला. ऑर्डरचा कागद टेबलावर तयारच होता. आक्कानं त्याच्या शेजारी जर्सी ठेवली आणि घडी नीट केली.

"साहेब, राग मानू नगा. हे यायचे न्हायत."

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी पंख्याकडं.

"पगार कमी वाटतोय का बाई? तसं असलं तर बोला."

"पगार लई हाय ओ. पण ह्यांनी दोन बोटं वर केली तवा तुमचा एक माणूस जाग्यावरनं हलला न्हाय. उठलं कोण, तर ह्यो आणि मी." आक्कानं जर्सी त्यांच्याकडं सरकवली. "तुमच्यात आले तर दिवसभर कुणाशी बोलतील हे? मुके होऊन मरतील. माझा माणूस हाय साहेब, मला पायजे त्यो."

साहेबांनी ऑर्डरचा कागद तिच्याकडं सरकवला. मग हळूच म्हणाले, "विचार करा बाई. अशी संधी परत यायची नाही."

"म्हाईत हाय मला," आक्का म्हणाली. चहा तिनं पूर्ण प्याला, बशी सरळ केली आणि उठली.

येताना मी स्कूटर हळूच चालवली. वडगावच्या वळणाला आलो तेव्हा माझ्या पाठीला तिचं कपाळ टेकलेलं लागलं, आणि शर्ट ओला झाला.

"नोकरी लई चांगली होती रं," आक्का म्हणाली.

"व्हय आक्का."

"लई चांगली होती." मग तिनं नाक पुसलं आणि माझ्या खांद्यावर हात मारला. "जोरात घे गाडी. कांड्या संपल्या असतील, बोटं वर करून बसले असतील."